सूनबाईची गिटार

(डोंबिवली येथे नोव्हेंबरमध्ये झालेल्या स्नेहीजनांच्या मेळाव्यातील भाषण. बोलणाऱ्यांच्या सूनबाईंच्या इच्छेवरून कुटुंबातील कोणाचीही नावे छापलेली नाहीत.)



मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषयही दिला आहे, 'मी घरी गिटार कशी बनवली'. त्याबद्दल सांगेनच. पण ती का बनवली, हेही सांगावं लागेल, आणि ते सांगायला मला गिटार करण्यापेक्षा जास्त वेळ लागला आहे.

मी पॅटर्नमेकर. अंबरनाथच्या एका कारखान्याच्या पॅटर्न शॉपमध्ये ३१ वर्षं काढली. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बिडाची वस्तू ओतायची तर आधी ती हुबेहूब लाकडात करावी लागते. त्या लाकडी नमुन्याचा ठसा वाळूत घेतात आणि त्यात रस ओततात. गंमत अशी, की रस थंड होताना आखडतो, बिडाचं ओतकाम फुटामागे साधारण एक अष्टमांश इंच. म्हणून आमची मोजपट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा थोडा मोठा. पुढं काय आखडणार आहे हे धरून आज माप घ्यायचं, हे आमच्या धंद्याचं पहिलं शिक्षण. पुढं मी नेमकी हीच गोष्ट विसरलो.

माझ्या मुलाचं लग्न २०१८ च्या डिसेंबरमध्ये झालं. मुलगी ठाण्याच्या एका रुग्णालयात नर्स. माहेर जव्हारकडचं. आपल्यातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल, तो भाग पूर्वी ठाणे जिल्ह्यातच होता. १ ऑगस्ट २०१४ ला विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला. मुलगी वसतिगृहात राहून शिकली, नर्सिंग केलं, नोकरीला लागली. वसतिगृहातच कोणीतरी दिलेल्या एका जुन्या गिटारीवर तिनं बोटं बसवली. त्या गिटारीला सहातल्या पाचच तारा होत्या. सहावी तार कधी आलीच नाही. ती आजही काही गाणी पाच तारांवर बसवते, सवयीनं.

पहिल्या पगारातून तिनं स्वतःची गिटार घेतली होती. लग्नानंतर दोघं बदलापूरला तळमजल्यावर भाड्यानं राहत होते. २७ जुलै २०१९ आपल्याला आठवतो. उल्हास नदीचं पाणी चढलं, वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. त्याच दिवशी यांच्या घरात कमरेइतकं पाणी आलं. दोघं वरच्या मजल्यावर गेले म्हणून वाचले. गिटार पलंगाखाली होती. पाणी ओसरल्यावर पाहिलं तर पाठ सुटून हातात आली. दोघं सामान घेऊन डोंबिवलीला आमच्याकडे राहायला आले. गिटारीचं तिनं कधी नावही काढलं नाही. ती तक्रार करणाऱ्यातली नाही.

मी मात्र ठरवलं की हिला नवी गिटार करून द्यायची, आपल्या हातची. घरात सगळ्यांना वाटलं, सासऱ्याला सुनेचं कौतुक आहे. कौतुक होतंच. पण आणखी एक कारण होतं, ते शेवटी सांगतो.

मी निवृत्त झालो होतो आणि हत्यारं गॅलरीत होती. २०२० ची टाळेबंदी आली. सूनबाई रोज ड्युटीवर. रात्री घरी यायची, थेट न्हाणीघरात जायची आणि वेगळ्या खोलीत बसून जेवायची. दाराच्या आतून मला विचारायची, "पप्पा, आज कुठवर आलं?" मी बाहेरून सांगायचो. आमचं सासरा-सुनेचं पहिलं मोकळं बोलणं त्या बंद दारातून झालं.

आता गिटारीचं सांगतो. लोकांना वाटतं, भारी लाकूड म्हणजे भारी आवाज. तसं नाही. गिटारीचा आवाज मुख्यतः वरच्या पातळ फळीतून येतो. सतारीच्या कारागिरांच्या भाषेत ती तबली. १८६२ साली स्पेनमध्ये अंतोनियो दे तोरेस नावाच्या कारागिरानं हे सिद्ध करायला एक गिटार केली. तबली चांगल्या स्प्रूस लाकडाची, पण पाठ आणि कडा चक्क कागदाच्या लगद्याच्या. ती आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. आणि १९९५ मध्ये अमेरिकेत बॉब टेलर यांनी फेकून दिलेल्या मालाच्या लाकडी पॅलेटमधून गिटार केली. ती वाजली आणि गाजली.

हे वाचून मला धीर आला. कारखान्यात परदेशी मशिनरी ज्या खोक्यांतून यायची, त्यांच्या फळ्यांमध्ये पाइन असायचा, कधी स्प्रूस असायचा. अशा काही फळ्या मी वर्षानुवर्षं माळ्यावर जपून ठेवल्या होत्या. बायको म्हणायची, सरपण करा त्याचं. त्यांतल्या चार सरळ रेषांच्या पट्ट्या निवडल्या, कडेला कड जोडून एक फळी केली आणि रंध्यानं तासत तासत जेमतेम तीन मिलिमीटरवर आणली. मग ती दोन बोटांत हलकी धरून टिचकी मारायची. आधी 'ठक' असा बसका आवाज येतो. जाडी कमी होत गेली की तो मोकळा होतो. केव्हा थांबायचं हे पट्टी सांगत नाही, कान सांगतो. एक केस जास्त गेला तर फळी तारांचा ओढ सोसणार नाही. पोलादी सहा तारा सुरात लावल्या की मिळून साधारण ७० किलोचा ओढ असतो. एक मोठा माणूस त्या फळीला रात्रंदिवस लटकून राहिल्यासारखा. म्हणून आतून फुलीच्या आकाराच्या आधारपट्ट्या चिकटवतात. ही युक्ती अमेरिकेतल्या मार्टिन कारखान्यामुळे सगळीकडे पोहोचली.

पडद्यांचं गणित मला सर्वांत आवडलं. उरलेल्या तारेच्या लांबीला दर वेळी १७.८१७ नं भागायचं. तार ६५० मिलिमीटरची धरली तर पहिला पडदा ३६.४८ वर येतो. असं करत बारावा पडदा बरोबर मध्यावर येतो, ३२५ वर. तो मध्यावर आला नाही तर समजायचं की वाटेत कुठंतरी चुकलं. हिशेब स्वतःच स्वतःला तपासतो. माणसाच्या वागण्याला असा बारावा पडदा असता तर बरं झालं असतं.

आधारपट्ट्या मी ऑगस्टमध्ये चिकटवल्या. सूनबाईचा वाढदिवस ऑक्टोबरमध्ये, त्याची घाई. ऑगस्टमध्ये डोंबिवलीची हवा कशी असते ते मी सांगायला नको. पापड मऊ, माचिस पेटत नाही, कपाटाची दारं लागत नाहीत. लाकूड हवेतला ओलावा पितं आणि आडवं फुगतं. लांबीत ते फारसं बदलत नाही. मी फुगलेल्या फळीवर आडव्या-तिरक्या पट्ट्या घट्ट बसवून टाकल्या. गिटार झाली, वाजली, वाढदिवस झाला, फोटो निघाले. जानेवारीत कोरडा वारा सुटला. फळीला आखडायचं होतं, पट्ट्या आखडू देईनात. एका रात्री दोनच्या सुमाराला हॉलमधून आवाज आला, नारळ फोडल्यासारखा. दिवा लावून पाहतो तर तबलीला घोडीपासून खालपर्यंत चीर. ३१ वर्षं आखडण्याचं माप घेऊन काम केलेला माणूस मी, आणि माझीच फळी आखडून फाटली.

सूनबाई उठून आली. चिरेवरून बोट फिरवलं. म्हणाली, "पप्पा, बाबांना विचारायला हवं होतं. पाऊस असेपर्यंत ते तारप्याच्या कामाला हात लावत नाहीत."

बाबा म्हणजे तिचे वडील, माझे व्याही. ते तारपा बनवतात आणि वाजवतात. लग्नाला दोन वर्षं उलटली होती आणि मी त्यांच्या घराचा उंबरा पाहिलेला नव्हता. लग्न कल्याणला झालं, तेच आले होते. आधी कामाचं निमित्त होतं, मग पुराचं, मग टाळेबंदीचं. निमित्तं खरी होती, पण सगळी मला सोयीची होती.

२०२१ च्या फेब्रुवारीत आम्ही भिवंडी, वाडा, विक्रमगड करत जव्हारच्या बाजूला गेलो. फुटलेली गिटार चादरीत गुंडाळून बरोबर घेतली होती. व्याहींनी ती मांडीवर घेतली. आधी कान लावून टिचकी मारली. चीर पाहिली. आत बोट घालून पट्टी चाचपली. मग एवढंच म्हणाले, "भाऊ, घाई झाली." दोष दिल्यासारखं नाही. ताप आहे असं सांगावं तसं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तारपा कसा करतात ते दाखवलं. मी वही घेऊन बसलो होतो. दुधी भोपळा वेलावरच जून होऊ द्यायचा, पूर्ण वाळवायचा, आतला गर आणि बिया काढायच्या. तो झाला हवेचा साठा. त्यात बांबूच्या दोन नळ्या, नळ्यांना भोकं, आत बांबूच्याच पातळ जिभा, ज्या फुंकरीनं थरथरतात. खालच्या टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा. सगळे सांधे मधमाश्यांच्या मेणानं बंद करायचे. खिळा नाही, स्क्रू नाही, विकतचा गोंद नाही. मोजमाप बोटांनी आणि वितीनं. मी विचारलं, दोन भोकांतलं अंतर किती? त्यांनी आपली बोटं नळीवर ठेवून दाखवली. ज्याचा हात, त्याचा तारपा. आणि वाजवणारा मध्ये श्वास घ्यायला थांबत नाही. नाकानं हवा आत आणि गालांतून बाहेर, सूर अखंड. मी करून पाहिलं, अर्ध्या मिनिटात डोळ्यांपुढं अंधारी आली. पोरं हसली.

याच जव्हारच्या परिसरातले वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा तारप्यासाठी देशभर माहीत झाले आहेत. पण पाड्यापाड्यांत असे हात होते आणि काही ठिकाणी अजून आहेत, ज्यांची नावं पेपरात आली नाहीत.

तिथं मी आणखी एक वाद्य पाहिलं, घांगळी. बांबूचा दांडा, त्याला दोन भोपळे आणि वर तारा. धान्याची देवता कणसरी हिची कथा रात्रभर गातात तेव्हा ती वाजवतात. आणि थाळी. पितळी थाळीत मेणानं एक काडी उभी करायची आणि तिच्यावरून बोटं ओढायची की थाळी गुणगुणू लागते. मी घांगळी हातात घेतली तेव्हा मनात आलं, आपण वसतिगृहाला गिटार भेट देतो तेव्हा आपल्याला वाटतं, आपण या मुलांना संगीत दिलं. तारेचं वाद्य तर त्यांच्या घरात आधीपासून आहे, भोपळ्यासकट. आपल्या मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आपल्याला अभिमान वाटतो. त्यांचेही भोपळेच, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारे. एक भोपळा मैफिलीत गेला आणि दुसरा पाड्यावर राहिला, एवढाच फरक.

निघताना व्याहींनी घरामागून एक फळी आणली. त्यांच्या जुन्या घराचं दार. घरकुल मंजूर झालं तेव्हा नव्या घराला लोखंडी दार आलं आणि हे दार गोठ्यात पडून होतं. लाकूड शिवणीचं. शिवण हलकी, वाळली की वाकत नाही, म्हणून वाद्यांना चालते. कित्येक पावसाळे आणि उन्हाळे पाहून झालेलं लाकूड, त्याला आता आखडायचं काही उरलं नव्हतं. मी पैशांचं विचारणार होतो. बायकोनं डोळ्यांनी दटावलं.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. जंगलाचं लाकूड हा त्या भागात साधा विषय नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी आली, पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोहोचले, आणि मुंबईची इमारती लाकडाची भूक वाढत गेली. जंगल ठेकेदारांकडे गेलं. ज्यांनी झाडं तोडली त्या वारल्यांच्या वाट्याला वेठ आणि तुटपुंजी मजुरी आली. १९४५ साली गोदावरीबाई आणि शामराव परुळेकरांच्या बरोबर ते उभे राहिले, गोळ्या झेलल्या आणि वेठबिगार मोडली. गोदावरीबाईंचं 'जेव्हा माणूस जागा होतो' आपल्यातल्या पुष्कळांच्या कपाटात आहे. वनहक्कांचा कायदा त्यानंतर साठ वर्षांनी, २००६ मध्ये झाला. ज्या कुटुंबाच्या आजोबा-पणजोबांनी दुसऱ्यांच्या घरांसाठी साग तोडला, त्या कुटुंबानं स्वतःचं दार मला फुकट दिलं. मी ते गाडीच्या टपावर बांधलं आणि वाडा येईपर्यंत कोणाशी बोललो नाही.

दुसरी गिटार मी शहाण्यासारखी केली. पाऊस संपू दिला. हवेतली आर्द्रता दाखवणारं एक छोटं यंत्र आणलं आणि काटा पन्नासच्या आसपास स्थिरावेपर्यंत सरसाचं भांडं चुलीवर ठेवलंच नाही. सरस मुद्दाम वापरला, आमच्या जुन्या धंद्यातला, दुहेरी भांड्यात शिजवायचा. तो उष्णतेनं सुटतो. उद्या काही बिघडलं तर दुसरा कारागीर सांधा उघडून दुरुस्त करू शकेल. कायमचं चिकटवणं ही नेहमीच हुशारी नसते.

दाराची फळी चिरून पाठीचे दोन तुकडे आणि कडांच्या दोन पट्ट्या काढल्या. कडा दोन मिलिमीटरवर आणून पाण्यात भिजवल्या, लोखंडी नळी आतून तापवली आणि तिच्यावर पट्टी दाबत हळूहळू वळवली. जोर केला की मोडते. थांबलं की एका क्षणी लाकूड हाताखाली आपणहून सैल होतं, तेव्हाच वळवायचं. पहिली पट्टी मी मोडली. दुसरी आणि राखीव ठेवलेली तिसरी वळली. मान सागाची. आत पोलादी सळई घातली, ती ओढ सावरते. पडद्यांची पट्टी शिसवी, माझ्या आईच्या पलंगाच्या कडेची. नवं शिसव घेणं आता सोपं नाही आणि नसावंही. २०१७ पासून शिसवाच्या सगळ्या कुळाच्या परदेशी व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत, इतकी तोड झाली. घोडीवरची पट्टी हाडाची. वरून पॉलिश चपड्याचं, स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्यानं घासत घासत. हा चपडा म्हणजे लाखेचा. झारखंड-छत्तीसगडकडे कुसुम आणि पळसाच्या झाडांवरून लाख गोळा करणारेही बहुतेक आदिवासीच. एका गिटारीत किती हात असतात ते मला करताना कळलं.

दारात एक जुना खिळा होता. लोखंडाचा गंज लाकडात उतरून काळा डाग पडला होता. तो मी काढू शकलो असतो, तेवढी जागा टाळून फळी कापता आली असती. राहू दिला. पाठीवर, डाव्या बाजूला आहे. मेळाव्यानंतर कोणाला पाहायचा असेल तर पाहा.

१७ एप्रिल २०२२, पुनरुत्थानाचा दिवस. उपासनेनंतर घरी आल्यावर मी गिटार तिच्या हातात दिली. तिनं आधी पाठ फिरवून पाहिली, दार ओळखलं. खिळ्याच्या डागावर अंगठा ठेवला. मग सुरात लावली आणि वाजवली. आवाज कसा आहे हे मी सांगणार नाही, थोड्या वेळात तुम्हीच ऐकाल. ती त्या दिवशी बराच वेळ वाजवत होती, सहाही तारांवर.

माझं भाषण इथं संपलं असतं तर सगळ्यांना आवडलं असतं. पण ज्या कारणासाठी मी हा उद्योग केला, ते अजून सांगायचं आहे.

लग्नाच्या दिवशी कल्याणच्या हॉलमध्ये आमच्या एका नातेवाइकांनी मला विचारलं, "व्याही काय करतात?" व्याही माझ्या शेजारीच उभे होते, हात जोडून. मी म्हणालो, "जव्हारकडे मोठी बागायत आहे त्यांची." बागायत नाही. डोंगरउताराचा भाताचा आणि नागलीचा तुकडा आहे, आणि उन्हाळ्यात मजुरीला जावं लागतं. ते वारली आहेत हा शब्द मी त्या दिवशी तोंडातून काढला नाही. आदल्या रात्री मुलालाही सांगून ठेवलं होतं की उगाच विषय नको. एवढंच नाही. व्याही तारपा घेऊन आले होते, लेकीच्या लग्नात वाजवायला. मी म्हणालो, "बँड ठरला आहे, हॉलवाले परवानगी देणार नाहीत." हॉलवाल्यांना मी विचारलंच नव्हतं. तारपा पिशवीत घालून खुर्चीखाली ठेवला होता, तसाच परत गेला.

आणि आमच्या हॉलच्या भिंतीवर काय आहे माहीत आहे? वारली चित्र. ठाण्याच्या एका प्रदर्शनातून हौसेनं घेतलेलं. मध्ये तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती फेर धरून नाचणारी माणसं. डहाणूच्या गंजाड गावचे जिव्या सोमा म्हशे यांनी ही चित्रं जगभर पोहोचवली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पाहुण्यांना मी ते कौतुकानं दाखवायचो. चित्रातला तारपावाला मला भिंतीवर चालत होता. माझ्या मांडवात आलेला चालला नाही.

आपण आपल्या मंडळीत मोठ्यानं म्हणतो की आपल्यात जात नाही. मीही म्हणतो. दरवर्षी आदिवासी मुलांच्या वसतिगृहासाठी पाकीट देतो, ब्लँकेटं देतो. देताना हात वर असतो, त्यामुळे बरं वाटतं. सोयरीक बरोबरीची असते. तिथं माझी परीक्षा झाली आणि मी नापास झालो.

मला वाटलं होतं, गिटार दिली की हिशेब मिटेल. न बोलता मिटेल. पुरुषांना असं वाटतं. चार-पाच दिवसांनी सूनबाई स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "पप्पा, गिटार मला खूप आवडली. पण तुम्ही लग्नात बाबांची ओळख करून दिलीत, ते वाक्य अजून तसंच आहे."

मला माहीत नव्हतं की तिनं ऐकलं होतं. व्याहींनी ऐकलं होतं हे तर मला माहीतच होतं. तरीही त्यांनी मला दार दिलं.

मी जव्हारला जाऊन व्याहींची माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ द्या भाऊ." पण ती माफी घरातली झाली. खोटं मी चारचौघांत बोललो होतो. पहिल्या गिटारीची चीर मी चपड्यानं झाकून टाकू शकलो असतो, दिसली नसती. आवाजात मात्र आली असती. म्हणून या मेळाव्यात बोलायला विचारलं तेव्हा मी सूनबाईला विचारून होकार दिला. त्या लग्नाला आलेले कितीतरी जण आज इथं समोर बसले आहेत.

तर ऐका. माझे व्याही वारली आहेत. जव्हारकडचे. त्यांची बागायत नाही, भाताची जमीन आहे आणि तेवढ्यावर भागत नाही. ते तारपा करतात आणि वाजवतात. ते तिसऱ्या रांगेत बसले आहेत, शेजारी विहीणबाई आहेत. हे मी डिसेंबर २०१८ मध्ये बोलायला हवं होतं.

आता कामाचं थोडं, कारण या मेळाव्यातून दरवर्षी वस्तू जातात. वसतिगृहाला वाद्य देणार असाल तर आपल्या घरातलं अडगळीचं देऊ नका. मान सरळ आहे का पाहा, खुंट्या फिरतात का पाहा आणि तारांचे दोन जादा संच बरोबर द्या. तार तुटते आणि तिथं दुकान नसतं. पावसाळ्यात गिटार भिंतीला टेकवून ठेवू नका, पेटीत ठेवा आणि तारा थोड्या सैल करा. आणि मुलांना गिटार शिकवायला कोणी जात असेल तर त्यांनी त्याच मुलांच्या आजोबांना एक दिवस बोलवावं, वाद्य घेऊन. नारायण वामन टिळकांनी भजन-कीर्तन आपल्या उपासनेत आणलं, तेव्हाही काहींनी नाकं मुरडली होती. आज टिळकांशिवाय आपली उपासना होत नाही.

पहिली, फुटलेली गिटार मी टाकलेली नाही. तबली काढून नवी बसवतो आहे, या वेळी कोरड्या हवेत. झाली की ती सूनबाई ज्या वसतिगृहात शिकली तिथं जाईल, सहा तारा लावून.

माझा वेळ संपला. यंदाचं भात निघालं आहे, म्हणजे तारपा बाहेर काढायचे दिवस आहेत. व्याहींनी तो आणला आहे आणि हॉलच्या व्यवस्थापकांना मी स्वतः विचारून आलो आहे. त्यांची काही हरकत नाही. खुर्च्या थोड्या मागे घ्याव्यात, फेर धरायला जागा लागेल.